कडक भाकरी आणि चेस्टनटची सावली

म्युनिकमध्ये रविवारी किराण्याचं दुकानसुद्धा बंद असतं. मुख्य स्टेशनातली थोडी दुकानं उघडी असतात, पण तिथे ही गर्दी. त्यामुळे आम्हा विद्यार्थ्यांची शनिवारची सकाळ दूध-ब्रेड आणि कांदे-बटाट्यांच्या पिशव्या वाहण्यात जाते. त्या शनिवारीही गेली. दुपारी फ्लाउखरला इसार नदीच्या गोट्यांवर, पाण्यात पाय सोडून लोळलो. लिहायचंय ते रविवारबद्दल.

सोलापूरच्या मित्राकडे घरून पार्सल आलं होतं. ओळखीचे एक काका इकडे येणार होते, त्यांच्या बॅगेतून आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणी धाडली होती. कडक भाकरी महिनाभर आरामात टिकते, पण आमच्यात ती आठवडाभरही टिकली नसती. "खोलीत बसून काय खायची? बिअरगार्टनला जाऊ," असं नाशिकची मैत्रीण म्हणाली. ती स्वतः बिअर पीत नाही, तरी. बिअरगार्टन म्हणजे झाडांखाली बाकं मांडलेली, बिअर प्यायची उघडी जागा.

बिअरगार्टनमध्ये आपला डबा आपण नेऊ शकतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी वाचतच मी मोठी झाले. इथे टेबलक्लॉथ घातलेल्या टेबलांवर वेटर येतो, तिथे त्यांचंच खाणं मागवायचं. उघड्या लाकडी टेबलांवर मात्र घरचं काहीही खुशाल खा, फक्त पेय तिथलं घ्या. विद्यार्थ्याच्या खिशाला याहून मोठा आधार या महागड्या शहरात मला दुसरा सापडलेला नाही.

बहुतेक पाहुणे इंग्लिश गार्डन या उद्यानातल्या चिनी मनोऱ्यापाशी असलेल्या बिअरगार्टनला जातात. मनोरा देखणा आहे. 1944 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि 1952 मध्ये पुन्हा उभा राहिला. पण सुट्टीच्या दिवशी तिथे बँड वाजत असतो, फोटो काढणाऱ्यांची दाटी असते आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मला तो गलका सोसत नाही. मी हट्टाने सगळ्यांना हिर्शगार्टन नावाच्या दुसऱ्या बिअरगार्टनला नेलं. तिथे आठ हजारांच्या आसपास लोक बसतात, तरी झाडांखाली आवाज विरून जातो. कुंपणापलीकडे हरणं चरतात. मांडणीवरचा काचेचा मग आपणच उचलायचा, नळाखाली खळबळून घ्यायचा आणि मग रांगेत उभं राहायचं. हे मला फार आवडतं.

एक टेबल अर्धं रिकामं होतं. सत्तरीचं एक जोडपं बसलेलं. आम्ही विचारलं, "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे, इथे जागा आहे का? आजोबांनी काही न बोलता त्यांची टोपली ओढून घेतली आणि आजी बाकावर सरकल्या. टोपलीत घरून आणलेला चौकटीचा कापडी रुमाल, लाकडी पाट, सुरी, ब्रेत्सन (पिळाचा खारा पाव) आणि एक भलामोठा पांढरा मुळा!

आम्ही डबा उघडायला कचरत होतो. शेंगाचटणीत लसूण भरपूर. आमच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात फोडणी पडली की कोणी ना कोणी येऊन खिडक्या उघडतं. बोलत कुणी नाही, पण ते मनाला लागतं. हळूहळू आम्ही रात्री उशिरा, कोणी नसताना स्वयंपाक करायला लागलो होतो. त्यामुळे झाकण उघडल्यावर तिघांचंही लक्ष आधी आजींच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "शेंगदाणे?"

मग काय! आजोबांनी भाकरीचा तुकडा कडकन मोडला आणि त्यावर ओबाट्सडा फासला. ओबाट्सडा म्हणजे कामाँबेर चीज, लोणी, पाप्रिका आणि कांदा कालवून केलेला लालसर गोळा. वर आमची चटणी भुरभुरली. आजींना ठसका लागला, त्यांनी राडलरचा, म्हणजे लेमोनेड घातलेल्या बिअरचा, मोठा घोट घेतला आणि पुन्हा हात पुढे केला. मुळ्याची आजोबांनी अखंड गोल सुरळी कापली होती. मीठ लावून ठेवला की त्याला पाणी सुटतं. मुळा रडला की मगच खायचा, असं इथे म्हणतात. भाकरी, चटणी आणि मीठ लावलेला मुळा. मित्र किती तरी वेळ गप्पच होता.

डबा आणायची ही पद्धत आली कुठून, ते आजोबांनीच सांगितलं. 1539 पासून बाव्हेरियात 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर करायला बंदी होती, कारण उन्हाळ्यात भट्ट्यांमुळे आगी लागत. म्हणून आधीच केलेली बिअर बर्फ भरलेल्या तळघरांत साठवायची. तळघरं गार राहावीत म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली, कारण त्याची पानं रुंद आणि मुळं उथळ. त्या सावलीत लोक प्यायला बसू लागले, तेव्हा शहरातल्या खानावळवाल्यांचा धंदा बुडाला आणि त्यांनी तक्रार केली. 4 जानेवारी 1812 रोजी राजा माक्सिमिलियान पहिला याने निवाडा दिला की तळघरवाल्यांनी बिअर आणि पाव विकावा, बाकी खाणं नाही. मग लोक घरून डबे आणू लागले. दोन शतकं उलटली, तरी डबे येतातच. खानावळवाल्यांच्या त्या भांडणाचे मी मनापासून आभार मानते.

उजेड नऊ वाजून गेल्यावरही होता. आजी-आजोबा उरलेला मुळा आम्हाला देऊन गेले आणि आम्ही त्यांना दोन भाकऱ्या रुमालात बांधून दिल्या. परतताना मित्राने ट्राममधूनच आईला फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, तरी तिने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या पार्सलसाठी तिचा एकच प्रश्न होता, "त्या आजींसाठी चटणी जरा कमी तिखट करू का रे?"