मालाड खाडीची कांदळवने आणि एक न मिळालेली फाईल

मालाड खाडीच्या पूर्व काठावरील कांदळवने किती घटली वा वाढली, हे उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजणे हा माझ्या पदव्युत्तर प्रकल्पाचा विषय होता. सेन्टिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर विभेदनाच्या (एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) प्रतिमा विनामूल्य मिळतात, गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेवर त्या घरच्या साध्या लॅपटॉपवरूनही हाताळता येतात आणि रँडम फॉरेस्टचे, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांच्या कौलावरून कांदळवन ओळखणारे, मॉडेल दोन दिवसांत चालू झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. अडले ते कांदळवनाच्या अधिसूचित हद्दीपाशी.

ही हद्द ज्या कार्यालयाकडे होती तेथे मी तिच्या शेपफाईलसाठी, म्हणजे संगणकीय नकाशासाठी, अर्ज केला, तेव्हा आवक-जावक खिडकीवरच्या बाईंनी मला फाईलचा क्रमांक विचारला. पाच हेलपाट्यांनंतर पेनड्राइव्हवर तीन फाइली मिळाल्या: एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ. नकाशा कोणत्या निर्देशांक प्रणालीत आहे, म्हणजे त्यातले आकडे जमिनीवर कुठे बसवायचे, हे सांगणारी पीआरजे नावाची चौथी, जेमतेम एका ओळीची फाईल त्यात नव्हती. मीही, हातात काही तरी पडल्याच्या आनंदात, तो नकाशा जीपीएसच्याच डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीत असणार असे गृहीत धरले आणि त्याच हद्दीतून मॉडेलला शिकवण्याचे नमुने उचलले.

मॉडेल एका सोसायटीच्या वाहनतळाला कांदळवन म्हणू लागले आणि पाण्याला लागून असलेली खरी झाडे सोडू लागले. तीन आठवडे मी मॉडेललाच दोष देत राहिले, निर्णयवृक्षांची संख्या १०० वरून ५०० केली, अवरक्त पट्टे वाढवले. शेवटी एका नाल्याचे वळण प्रतिमेत आणि हद्दीच्या रेषेत हुबेहूब एकसारखे, पण साठेक मीटर पूर्वेला सरकलेले दिसले, म्हणजे सहा पिक्सेल. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे (टोपोशीट) एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या डब्ल्यूजीएस-८४ हून वेगळ्या, जुन्या मापावर आधारलेले आहेत आणि त्यांचे अक्षांश-रेखांश रूपांतर न करता वापरले की असेच होते.

खात्रीसाठी दुसरा अर्ज केला. त्याचे उत्तर ४७ दिवसांनी आले, "मागितलेली माहिती यापूर्वीच पुरविण्यात आली आहे." उत्तर घेऊन बाहेर पडत असताना कोपऱ्यातल्या टेबलावरचे वयस्कर आरेखक म्हणाले, "अहो मॅडम, ते टोपोशीटवरनं ट्रेस केलंय. जीपीएस तेव्हा पाहिला होता कोणी?" एवढे एक वाक्य पहिल्याच दिवशी कोणी सांगितले असते तर माझा हिवाळा वाचला असता. हद्दीचे रूपांतर केल्यावर रेषा नाल्याच्या वळणावर अचूक बसली. मग निर्णयवृक्ष पुन्हा १०० वर आणले. निकालात काडीचाही फरक पडला नाही.

म्हणून अर्जातच "पीआरजे फाईलसह" असे स्पष्ट लिहावे आणि नकाशा मिळताच एखादे जुने, न हललेले वळण प्रतिमेशी जुळवून पाहावे.

सांगायचे राहिले: सेन्टिनेल-२ उपग्रह मुंबईवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, पण भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते, त्यामुळे एका तारखेच्या प्रतिमेत जो चिखल दिसतो तोच पुढच्या प्रतिमेत पाण्याखाली असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीतील निरभ्र प्रतिमा भरतीचे वेळापत्रक शेजारी ठेवूनच निवडाव्यात. पावसाळ्यात ढगांआडचे पाहायचे असेल तर सेन्टिनेल-१ चे रडार वापरावे.