घर आणि इमारतींसाठी वाइड लेन्स: १४ मिमी घेण्याआधी थोडा हिशोब

मुंबईतल्या खोल्या लहान, तेव्हा लेन्स मिळेल तितकी वाइड घ्यावी, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो निम्माच खरा आहे. लेन्सवरचा मिमीचा आकडा जितका लहान, तितका तिचा कोन रुंद. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १८ मिमीचा आडवा कोन बरोबर ९०° भरतो, आणि खोलीचा कोपराही ९०°चाच. कोपऱ्यात पाठ टेकवलीत की दोन्ही बाजूंच्या भिंती फ्रेममध्ये येतात. त्याहून वाइड गेलात तर वाढीव मिळतं ते शेजारचं स्विचबोर्ड नाहीतर दाराची कडी. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर हेच काम १२ मिमी करते, कॅननच्या एपीएस-सीवर ११.

१४ मिमीला कडा ताणल्या जातात. मध्यावर गोल दिसणारा दिवा कोपऱ्यात अंडाकृती होतो, पंख्याचं कडेचं पातं वल्ह्याएवढं लांबतं, आणि १० बाय १२ ची खोली हॉलसारखी दिसू लागते. ब्रोकरला ते हवंच असतं म्हणा. इंटीरियर डिझायनर मात्र फोटो परत पाठवतो. सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल फुगलेल्या रेषा सरळ करतं, पण हा ताण तसाच राहतो, कारण तो कोनातूनच येतो.

म्हणून घरांसाठी १६-३५ एफ ४ झूम पुरे, आणि त्यातही बरेच फोटो २० ते २८ मध्ये निघतात. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो, पण एफ २.८ साठी जादा पैसे मोजू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर आणि अॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) एफ ८ वरच असणार आहे. १६ मिमी, एफ ८, फोकस साधारण एक मीटरवर ठेवलात की अर्ध्या मीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट येतं. शिवाय १४-२४ एफ २.८ प्रकारच्या बऱ्याच लेन्सची पुढची काच फुगीर असते, तिला साधा स्क्रू फिल्टर बसत नाही. पॉलिश केलेल्या फरशीवरची चमक मारायला पोलरायझर लागतो, तेव्हा ही अडचण कळते. स्वयंपाकघरात कॅमेरा चार फुटांच्या आसपास ठेवा: ओट्याचा वरचा भाग दिसतो, आणि वरच्या कपाटांचा तळ डोळ्यात येत नाही.

इमारतींचं गणित वेगळं. कॅमेरा वर झुकवला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे कलतात. कॅमेरा सरळ ठेवून उभी फ्रेम घेतली तर २४ मिमीला तुमच्या अंतराच्या पाऊणपट उंची कॅमेऱ्याच्या वर मिळते. गिरगावातल्या गल्लीत चाळीपासून सहा मीटरवर उभे असाल तर, कॅमेरा दीड मीटर उंचीवर धरून, जमिनीपासून जेमतेम सहा मीटर, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतसुद्धा धड नाही. १६ मिमीला सव्वाआठ मीटर. कॅननची १७ मिमी टिल्ट-शिफ्ट (कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स) १२ मिमी वर सरकवली तर बारा मीटर: तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ कौलांच्या कडेपर्यंत बसते, रेषाही उभ्याच राहतात. म्हणजे इथे कोनापेक्षा शिफ्ट जास्त कामाची. ही लेन्स महाग आहे आणि फोकस हातानेच करावा लागतो. महिन्यातून एखादंच काम असेल तर भाड्याने आणा. झुकवलेला फोटो नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतो, पण बाजू कापल्या जातात, तेव्हा चारही बाजूंना सढळ जागा सोडा.

ओव्हल मैदानात मात्र वाइडची फारशी गरजच नाही. मागे सरकायला ऐसपैस जागा आहे. पश्चिमेच्या आर्ट डेको इमारती ३५ किंवा ५० मिमीत छान येतात, आणि समोरचा ८५ मीटरचा राजाबाई टॉवर ३५ मिमीने सरळ घ्यायला साधारण १६५ मीटर अंतर पुरतं.

फोर्टात बोरा बाजारात जुनी लेन्स बघताना दुकानासमोरच्या टाइल्सच्या भिंतीचा एफ ५.६ ला समोरासमोर फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, सोडून द्या. मग मोबाइलची टॉर्च मागून तिरकी मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. ती साफ होते, पण कोटिंगवर खुणा राहू शकतात, तेव्हा सौदा स्वस्त असला तरी नको.