तबल्याची खोली आणि अठ्ठेचाळीस क्लिपा

शेजारच्या काकू भांडायला आल्या नव्हत्या. भाजीचा डबा परत द्यायला आल्या होत्या. डबा माझ्या हातात ठेवता ठेवता म्हणाल्या, "यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून दुपारी जरा पडतात हो. तिचा रियाज संध्याकाळी नाही का होणार?" संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या अमेरिकेतल्या लोकांबरोबर मीटिंगा सुरू होतात. सकाळी हिची शाळा. मुलगी तबल्याच्या मध्यमा परीक्षेला बसलेली, रोज दोन तास तरी हात चालायलाच हवा. घड्याळात जागाच उरली नव्हती.

पहिला उपाय मी तोच केला जो सगळे करतात. स्पंजाचे काळे, टोकं असलेले चौकोन आणून काकूंच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवले. खोलीतला घुमारा गेला, आवाज कोरडा झाला, आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, 'ना' नीट लागत नाहीये असं वाटून मुलगी आणखी जोरात वाजवायला लागली. पलीकडे काडीचाही फरक नाही. असा स्पंज खोलीतला प्रतिध्वनी पितो, भिंतीतून जाणारा आवाज अडवत नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोलही भिंतीतून जाणारा आवाज अडवत नाहीत.

आमची इमारत जुनी, दोन फ्लॅटमधली भिंत सहा इंची विटेची, दोन्हीकडून प्लास्टर. म्हणजे भिंत काही पोकळ नाही. पण तबल्याने हवा हलते, हवेने भिंत हलते, आणि भिंतीची दुसरी बाजू काकूंच्या हॉलमधली हवा हलवते. नुसतं वजन वाढवून भागवायचं तर भिंत दुप्पट जड करावी तेव्हा कुठे साधारण ६ डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्मा वाटायला १० डेसिबल लागतात. त्यापेक्षा जुन्या भिंतीपुढे दुसरी भिंत अशी उभी करायची की ती पहिलीला टेकणारच नाही. पण मग ती उभी कशावर राहणार? तिथे क्लिप येते.

क्लिप म्हणजे तळहातावर मावेल एवढा पत्र्याचा तुकडा, मध्ये काळ्या रबराची जाड बुची. भिंतीत जाणारा स्क्रू या बुचीतून जातो, पत्र्याला त्याचा स्पर्श नाही. पत्र्याच्या दोन ओठांमध्ये टोपीच्या आकाराचं चॅनल टक्कन बसतं आणि जिप्सम बोर्ड फक्त त्या चॅनलला स्क्रू होतो. बोटाने दाबलं की चॅनल किंचित दबतं आणि परत येतं. मला ते फार आवडलं. मिस्त्रीला अजिबात नाही. "साब, ये तो हिलता है," तो म्हणाला. हलायलाच हवं, हे त्याला पटवण्यात पुढचे नऊ दिवस गेले.

कामाआधी एक हिशेब केला, आणि तो केला नसता तर मोठा घोळ झाला असता. जड भिंतीपुढे बोर्ड लावला की मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि एका ठरावीक कंपनाला सगळं मिळून डोलायला लागतं. तो आकडा ढोबळपणे काढता येतो. बोर्डाचं दर चौरस मीटरचं किलोतलं वजन गुणिले पोकळीची मीटरमधली खोली, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने ६० ला भागायचं. साडेबारा मिलिमीटरचा एक बोर्ड साधारण ९ किलोचा, पोकळी ४० मिलिमीटर. उत्तर आलं १०० हर्ट्झ. म्हणजे डग्ग्याच्या, जोडीतल्या खर्जाच्या वाद्याच्या, 'घे'चाच परिसर! एका बोर्डाची भिंत डग्ग्याला अडवायच्या ऐवजी साथ करत बसली असती. दोन बोर्ड घेतले की आकडा ७० च्या आसपास उतरतो. खरा फायदा या आकड्याच्या दीडपट वर गेल्यावर सुरू होतो, म्हणजे डग्गा तरीही काठावरच. क्लिपांच्या माहितीपत्रकावर भिंत आवाज किती अडवते हे सांगणारा जो एसटीसी नावाचा आकडा ठळक छापतात, तो १२५ हर्ट्झच्या खालचं मोजतच नाही. तबल्याच्या घराने त्यावर भाळू नये.

खोली ११ बाय १०. चॅनलच्या ओळी दोन-दोन फुटांवर, क्लिपा ओळीत जास्तीत जास्त चार फुटांवर, कडेला आणखी जवळ. काकूंची भिंत आणि छत मिळून ४८ क्लिपा लागल्या. छताला टांगलेलं बोर्डांचं वजनच १८० किलोच्या घरात जातं, त्यामुळे स्लॅबमध्ये प्लॅस्टिकचे प्लग चालणार नाहीत, धातूचे फास्टनर हवेत, यावर मी अडून बसलो. भोकं पाडायला सोसायटीने दुपारचे दोन तास सोडून परवानगी दिली. दोन ठिकाणी ड्रिलला सळई लागली, तिथे क्लिप इंचभर सरकवली. आमचं वायरिंग कन्सील, म्हणजे पंख्याच्या पॉइंटपासून स्विचबोर्डाकडे पाइप स्लॅबच्या पोटातून जाणार. ती वाट मी खडूने छतावर आखून ठेवली होती आणि मेन स्विच बंद करून बाहेरून वायर ओढून ड्रिल चालवलं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर छताच्या चारी कडांना सुंदर, दोरीत, लेव्हलमध्ये एल-पट्टी ठोकलेली. फॉल्स सिलिंगवाल्यांचं कामच तिथून सुरू होतं. आधी भिंतीला पेरिमीटर, मग बाकीचं. पण ती पट्टी भिंतीत ठोकलेली आणि बोर्ड त्या पट्टीवर टेकलेला म्हणजे ४८ रबरी बुच्या शोभेच्या. काढायला लावली. मिस्त्रीचा चेहरा पाहवेना, कारण त्याच्या हिशेबात काम उत्तम झालं होतं. खरं तर त्याची चूक नव्हतीच. सगळी हयात घट्ट बसवण्यात गेलेल्या माणसाला मी सैल सोडायला सांगत होतो.

मग बोर्डाच्या कडेला सगळीकडे सहा मिलिमीटरची फट ठेवायला प्लायचे तुकडे दिले. पोकळीत २५ मिलिमीटरची ग्लासवूल, दाबून न भरता. दुसऱ्या थराचे सांधे पहिल्या थराच्या सांध्यांवर येऊ दिले नाहीत. शेवटच्या दिवशी त्याने पुट्टीची पाटी उचलली, "फट भर देता हूँ." पुट्टी वाळली की दगड, म्हणजे पुन्हा टेकलं! तिथे कधीच कडक न होणारं ॲकॉस्टिक सीलंट भरायचं असतं. ते दिसतं कुरूप, म्हणून वरून लाकडी पट्टी मारली, तीही फक्त छताला, भिंतीला नाही.

पंख्याचा प्रश्न मात्र आपल्याकडचाच. हुक स्लॅबमध्ये, दांडी बोर्डातून खाली येणार, बोर्डाला भोक पडणार. दांडी टेकली तर पंख्याची घरघर बोर्डाला, भोक मोठं ठेवलं तर आवाजाला वाट. दोन दिवस विचार करून छताचा पंखा काढला आणि समोरच्या, हात न लावलेल्या भिंतीवर वॉल फॅन बसवला. घरात यावर अजून नाराजी आहे, विशेषतः मे महिन्यात.

काकूंच्या हॉलमध्ये, त्याच खुर्चीत बसून, त्याच मोबाइलवर, आधी आणि नंतर असं मोजलं. तबल्यावर तोच कायदा (म्हणजे तीच रचना), तीच लय. आधी ४७ डेसिबल, नंतर ३८. यंत्र काही प्रयोगशाळेतलं नाही, पण फरक कानालाही कळतो. तबला जवळजवळ गेला. डग्गा दूर कुठेतरी पोतं ठेवल्यासारखा येतो. काकांना झोप लागते. वरच्या मुलाला आता फक्त पावसाळी शांत संध्याकाळी काहीतरी जाणवतं, असं तो म्हणाला.

आणि बरोबर दहाव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका जिना चढून आले. आजवर त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. "रिनोव्हेशननंतर आवाज वाढलाय का हो?" वाढला नव्हता. धूळ-ठोकाठोक संपल्यावर त्यांचं लक्ष गेलं होतं इतकंच. पण त्यांचं बरोबर होतं, कारण डग्गा बसलेला फरशीवर आणि फरशी म्हणजेच त्यांचं छत. जमिनीचा विचार मी केलाच नव्हता. आता चार बाय तीनची चौकी केली आहे, खाली जाड रबराचे ठोकळे, वर १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर, त्यावर सतरंजी. चौकी भिंतीपासून चार बोटं लांब. झाडणाऱ्या मावशी ती रोज इमानदारीने भिंतीला सरकवून ठेवतात आणि मी रोज परत ओढतो.