घाम, कॅल्शियम आणि दूध कट्टा

परवा रात्री कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा होतो, समोर म्हशीची धार काढलेली, हातात फेसाळ पेला, आणि आमचा तालमीतला दोस्त म्हणतोय, "भावा, घामातनं सगळं कॅल्शियम जातंय, म्हणून मी दोन पेले मारतो." मार की, दुधाला कोण नको म्हणतंय. पण घामातनं जातं ते मुख्य म्हणजे मीठ, सोडियम आणि क्लोराइड, कॅल्शियम त्यामानानं लय थोडं. बनियन वाळल्यावर पांढरे डाग दिसतात ते मिठाचेच.

कॅल्शियमचं खरं काम आत असतं. अंग तापलं की मज्जातंतूंमधनं निरोप येतो, तिथं ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते घामाच्या ग्रंथीतल्या पेशीला बाहेरनं चिकटतं (धोतऱ्यातलं ॲट्रोपिन नेमकं हेच अडवतं, म्हणून धोतरा पोटात गेलेल्याचं अंग तापतं पण कातडी कोरडी) आणि मग आत आयपी३ नावाचा रेणू तयार होऊन पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराचं दार उघडतो. एरवी पेशीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळपास १०,००० पट कमी असतं, त्यामुळं जरा सांडलं तरी पेशीला लगेच कळतं. क्लोराइडच्या वाटा उघडतात, क्लोराइड बाहेर, त्याच्या मागं सोडियम, त्यांच्या मागं पाणी. झाला घाम. कोठार रिकामं व्हायला लागलं की बाहेरनं कॅल्शियम आत घ्यायला ओराय१ नावाचं वेगळं दार आहे, तेच बिघडलं तरी घाम येत नाही.

२०१४ साली एका पाकिस्तानी कुटुंबातल्या मुलांवरचा अभ्यास छापून आला. जन्मापासनं घामच नाही, ग्रंथी मात्र दिसायला एकदम नॉर्मल! दोष निघाला त्या कोठाराच्या दाराच्या जीनमध्ये. एवढंसं दार, पण उन्हाळा काढायचा कसा त्या पोरांनी?

हे सगळं ऐकून दोस्ताचा प्रश्न काय, तर कुस्तीआधी वजन द्यायच्या आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी खाल्ली तर घाम जास्त सुटंल का? नाही रे बाबा, रक्तातलं कॅल्शियम शरीर एका मापातच धरून ठेवतं, कमी पडलं तर हाडातनं काढतं, जास्त झालं तर लघवीतनं सोडतं, आणि घाम काढून उतरलेलं वजन नुसतं पाणी, तांब्याभर प्यालास की परत आलं. गडी जरा नाराज झाला, पण दुसऱ्या पेल्याचे पैसे मलाच द्यायला लावले.