राखेशेजारचं गाव: अँटिग्वा ग्वाटेमाला

पहिल्या सकाळी जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. गच्चीवर गेले तर घरमालकीणबाई फरशी झाडत होत्या. खराट्यापुढे काळपट, खसखशीएवढ्या कणांचा ढीग जमला होता. शेजारी कुठे बांधकाम चालू असेल असं मला वाटलं. बाईंनी काही न बोलता खराट्याचा दांडा उचलून पश्चिमेकडे धरला. तिकडे दोन शिखरं एकमेकांना खेटून उभी होती आणि डावीकडच्या टोकावरून धुराचा राखाडी गोळा सावकाश वर चढत होता. "फुएगो," त्या म्हणाल्या. फुएगो म्हणजे आग, त्या ज्वालामुखीचं नाव. वारा इकडे वळला की रात्रीतून राख येते, सकाळी उठून झाडायची. एवढं सांगून त्या पुन्हा कामाला लागल्या.

मार्च महिना होता, ख्रिस्ती उपवासकाळ चालू होता. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशाची राजधानी ग्वाटेमाला सिटी, तिथून चाळीसेक किलोमीटरचा रस्ता उतरून मी आणि माझा नवरा अँटिग्वात आलो आणि आठ दिवस राहिलो. गाव साधारण 1530 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम सव्वाशे मीटर खाली, पण सगळं पुन्हा दरीत! कारण दक्षिणेला आग्वा ज्वालामुखी उभा आहे 3760 मीटरचा, आणि पश्चिमेला फुएगोच्या शेजारी आकातेनांगो, 3976 मीटरचा. रस्ते पटावरच्या चौकटींसारखे सरळ, गोट्यांचे. घरं बैठी, गेरू, पिवळ्या, निळ्या रंगाची, जाड भिंतींची. दक्षिणेकडे जाणाऱ्या कुठल्याही गल्लीत उभं राहिलं की गल्लीच्या टोकाला आग्वाचा निमुळता शंकू दिसतो. दोन दिवसांत आम्ही दिशा विचारणं सोडून दिलं.

आग्वा म्हणजे पाणी. ज्वालामुखीला पाण्याचं नाव का, हे समजलं तेव्हा त्या देखण्या डोंगराकडे बघण्याची माझी नजर बदलली. इथले मूळ रहिवासी काक्चिकेल माया लोक त्याला हुनाह्पू म्हणतात. स्पॅनिश लोकांनी आपली राजधानी त्याच्या पायथ्याशी वसवली होती, आजच्या सिउदाद व्हिएहाच्या परिसरात. ज्याने तलवारीच्या जोरावर हा मुलूख जिंकला तो पेद्रो दे आल्व्हारादो 1541 मध्ये मेक्सिकोत मेला आणि त्याची विधवा बेआत्रिस दे ला कुएव्हा हिने सप्टेंबरमध्ये कारभार हाती घेतला. सही करताना तिने स्वतःला 'ला सिन व्हेंतुरा' म्हणवलं, म्हणजे दुर्दैवी. लगेचच, दोनच दिवसांत, मुसळधार पावसाने डोंगरावरून चिखल, दगड आणि पाण्याचा लोंढा सुटला. त्यात राजधानी गाडली गेली आणि ती स्वतःही गेली. मग 1543 मध्ये थोडं दूर, आजच्या जागी नवी राजधानी उभी राहिली.

तिथून आजच्या मेक्सिकोतल्या चियापासपासून कोस्टा रिकापर्यंतचा मुलूख चालवला गेला. इथे 1660 मध्ये छापखाना आला, 1676 मध्ये विद्यापीठ. चर्च आणि मठ तर इतके की एका गल्लीतून निघून दुसरीत शिरेपर्यंत पुढचा घुमट दिसायला लागतो. आणि दर काही वर्षांनी भूकंप. लोक पडलेलं पुन्हा बांधत राहिले, दर वेळी थोडं बुटकं, थोडं जाड. 29 जुलै 1773 ला मात्र असा भूकंप झाला की सरकारने हात टेकले. राजधानी हलवायचं ठरलं आणि 1776 मध्ये ती आजच्या ग्वाटेमाला सिटीच्या जागी गेली. गाव सोडा असे हुकूम निघाले. खुद्द आर्चबिशप पेद्रो कोर्तेस इ लारास यांनी या स्थलांतराला विरोध केला. बरेच लोक गेले, काही गेलेच नाहीत. त्या मागे राहिलेल्या गावाला लोक 'ला अँतिग्वा' म्हणू लागले, जुनी म्हणून.

मला सारखं जुनं गोवं आठवत होतं. तिथेही राजधानी हलली. साथींनी माणसं गेली, उरलेली पणजीकडे सरकली आणि माडांच्या गर्दीत चर्चेस तेवढी उभी राहिली. इथे उलटं झालं आहे. चर्चेस पडलेली आहेत आणि माणसं आहेत. मुख्य चौकातल्या कॅथेड्रलची दर्शनी बाजू पांढरीशुभ्र, नेटकी. मागच्या बाजूला तिकीट काढून गेलो तर छप्पर नाही. विटांच्या कमानी तेवढ्या एकमेकींना हात देऊन उभ्या आहेत आणि घुमटाच्या जागी निळं आकाश. गवंड्यांनी हे पुन्हा उभारलं नाही याचं मला फार बरं वाटलं. गावाच्या जपणुकीसाठी 1969 मध्ये खास कायदा झाला आणि 1979 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. पण भग्नावशेषांच्या भिंतीला लागूनच कोणाचं तरी घर आहे, दोरीवर कपडे वाळत आहेत, आणि मला वाटतं खरी जपणूक तीच.

ला मेर्सेदचं पिवळं चर्च 1773 च्या भूकंपातही तगलं. बघताक्षणी कारण कळतं. खांब गुटगुटीत, मनोरे ठेंगणे, भिंती किल्ल्यासारख्या. सांता कातालिनाची कमान सगळेच बघतात. जोगिणींना कोणाच्या नजरेस न पडता रस्ता ओलांडता यावा म्हणून ती बांधलेली आहे. फोटोवाल्यांची इतकी गर्दी होती की आम्ही थांबलो नाही.

मला धरून ठेवलं ते कापुचिनास मठाने. दिएगो दे पोर्रेस या स्थपतीचं काम, 1736 मध्ये पुरं झालेलं. हुंडा न आणताही मुलींना इथे जोगीण होता यायचं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. एका गोल अंगणाभोवती अठरा खोल्या आहेत, प्रत्येकीत एक माणूस जेमतेम मावेल. त्या वर्तुळाच्या खाली तळघर आहे. मधोमध एकच प्रचंड खांब आणि त्याच्याभोवती छत्रीसारखं पसरलेलं छत. आत आम्ही दोघंच होतो. मी हळूच खर्जातला सा लावला. तो सूर भिंतीला लागून परत आला, मग दुसऱ्या बाजूने आला, आणि मी थांबल्यावरही बराच वेळ फिरत राहिला. अंगावर काटा आला. नवरा म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा लावला. तासभर आम्ही तिथून हललो नाही.

रविवारी मिरवणूक होती. शनिवारी रात्रीच आमच्या गल्लीत पोती येऊन पडली. रंगवलेला लाकडाचा भुसा! आधी गोट्यांवर वाळू पसरून सपाटी करायची. मग पुठ्ठ्याचे छाप ठेवून चाळणीने भुसा भुरभुरायचा, आणि हात टेकायला नको म्हणून आडव्या फळ्या टाकून त्यांवर ओणवं व्हायचं. भुसा उडू नये म्हणून मधूनमधून पाण्याचा फवारा मारायचा. याला ते आल्फोम्ब्रा म्हणतात, म्हणजे गालिचा. माझ्या हाती फवारा देण्यात आला. आजी, सून, नातवंडं, सगळी गुडघ्यांवर. भाषा येत नव्हती तरी कोणाचा कोण, कोण कोणावर रागावलंय, सगळं कळत होतं. मी मोबाइलवर पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीपुढच्या रांगोळ्या दाखवल्या, तर आजींनी पहिला प्रश्न विचारला: वाळू नाही का घालत तुम्ही खाली?

दुपारी धूप दिसायच्या आधी वासाने आला. जांभळ्या झग्यांतले पुरुष, खांद्यावर लाकडी चौथऱ्यावरची क्रूसधारी येशूची मूर्ती. एका वेळी ऐंशी-शंभर जण खांदा देतात आणि ठरावीक अंतरावर खांदेकरी बदलतात, आपल्या पालखीसारखेच. सगळे एका लयीत डुलत, पाय घासत येतात. रात्रभर केलेल्या गालिचावरून ते गेले. पाठोपाठ बॅंड गेला, बॅंडपाठोपाठ झाडूवाले, आणि दहा मिनिटांत गल्ली मोकळी. आजी दारात उभ्या राहून हातांनी क्रूस करत होत्या.

जेवणाचं थोडक्यात सांगते, नाहीतर थांबणार नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायचा आणि त्या पिठाच्या तोर्तिया हातावर थापायच्या. बाजाराच्या मागच्या बाजूला गेलं की थप-थप-थप ऐकू येतं, डोळे मिटले तर आपल्याकडचं भाकरीचं घर. घरमालकीणबाईंनी मला गोळा दिला. मी परातीत थापायच्या सवयीने मोठी भाकरी केली, त्यांनी ती आख्खी शेजारणीला नेऊन दाखवली. बाजारात पेरू, सीताफळं, चिकू, हिरव्या-लाल मिरच्या. हे सगळं याच खंडांवरून पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांनी पुढे नेलं. चिकूला तिथे 'चिकोसापोते' म्हणतात. आपला चिकू घरून आला तेव्हा नावही सोबत घेऊन आला!

सहाव्या दिवशी आकातेनांगो. ला सोलेदाद या वस्तीपासून चढ सुरू होतो. आधी मक्याची शेतं, मग ढगांतलं ओलं जंगल, मग पाइन. पायाखाली भुसभुशीत काळी राख, दोन पावलं चढायची, एक घसरायचं. साडेपाच तासांनी सुमारे 3600 मीटरवर तंबू दिसले आणि समोर, दरीपलीकडे, फुएगो. अंधार पडल्यावर टोक लाल झालं. कारंज्यासारखे निखारे उसळले, उतारावरून गडगडत खाली आले, आणि हे सगळं शांततेत! आठ-नऊ सेकंदांनी आवाज पोचला, आधी छातीत आणि मग कानात. सह्याद्रीत पंचवीस वर्षं फिरले. आपला कातळही लाव्ह्याचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण तो भेगांमधून वाहत थरावर थर पसरला. इथे कोकोस भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली घुसतोय, शिलारस चिकट आणि वायूने भरलेला, म्हणून हे स्फोट. पुस्तकातलं हे वाक्य मला पाठ होतं. थंडीने दात वाजत असताना समोर ते बघताना मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आमचा वाटाड्या तरुण होता, दिवसभर गप्पा मारणारा. रात्री त्याने डोंगराच्या पलीकडच्या कुशीकडे बोट दाखवलं. 3 जून 2018 ला त्या बाजूने तापलेल्या राखेचा लोट उतरला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडलं. शेकडो माणसं गेली. बोलून झाल्यावर तो शेकोटीत लाकूड सारत राहिला. पुढच्या स्फोटाला आमच्यातलं कोणी ओरडलं नाही.

उतरून घरी आलो तेव्हा बूट राखेने भरले होते. दारातच काढून ते बाहेर झटकायला निघाले तर घरमालकीणबाईंनी हातातून घेतले. "रस्त्यावर नको, मिहा," म्हणाल्या. मिहा म्हणजे पोरी. गच्चीच्या कठड्यावर त्यांच्या जिरेनियमच्या कुंड्या होत्या. एकेक बूट उलटा करून त्यांनी तो कुंडीवर ठोकला, तळवा बोटांनी खरवडला, आणि राख मातीत बोटभर खोल कालवून टाकली.