नव्या पाण्यातला शिवडा

मृग निघून आठवडा झाला होता. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेचे पाणी अजून निवळ दिसत होते आणि कृष्णेला मात्र तांबडा रंग चढू लागला होता. तेथून मी नदीच्या कडेकडेने खाली निघालो, तो बहे, भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ करत सांगलीच्या पुढे अंकलीच्या पुलापर्यंत गेलो. तीन दिवसांच्या या प्रवासाला कारण एकच होते. लहानपणी आजोळी पाहिलेला शिवडा मासा कृष्णेत आता कितपत उरला आहे, ते मला स्वतः पाहायचे होते.

ज्यांनी हा मासा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शिवडा, काहींच्या बोलण्यात वालशिवडा, म्हणजे शास्त्राच्या भाषेत वालागो अट्टू. अंगावर एकही खवला नाही, पाठीवर लहानसा पर, पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेला लांबच लांब पर, आणि तोंडाची फट डोळ्यांच्याही मागे पोहोचलेली. दिवसा तो डोहाच्या तळाशी पडून असतो आणि रात्री शिकारीला निघतो. मीटरभर लांबीचा शिवडा पूर्वी नवलाचा नव्हता. त्याची नोंदलेली कमाल लांबी तर दोन मीटरांच्याही वर आहे. या माशाला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २०१९ च्या मूल्यांकनात ‘असुरक्षित’ वर्गात टाकले आहे. कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतला सिलोनिया हा दुसरा मोठा बिनखवल्याचा मासा, ज्याचे वर्णन साइक्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८३९ साली केले, तो तर त्याहूनही बिकट अशा ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे.

भिलवडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक मावशी पाटीत मासे घेऊन बसल्या होत्या. पाटीत बहुतेक चिलापीच होती, पण बाजूला ओल्या पोत्याखाली एक शिवडा होता. वजनकाट्यावर तो सहा किलोंच्या थोडा वर भरला. वरच्या जबड्याच्या दोन मिशा इतक्या लांब, की त्या मागे नेल्या तर अंगाच्या निम्म्यापर्यंत पोहोचाव्यात. मावशींनी विळीवर पोट चिरले तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन लांबट पिशव्या बाहेर आल्या, पिवळसर आणि मोहरीच्या दाण्यांएवढ्या अंड्यांनी तट्ट भरलेल्या. “मादी हाय. ह्या दिसांत मोठी घावली की मादीच असती,” त्या म्हणाल्या. त्या अंड्यांना गिऱ्हाईक वेगळे होते आणि ते आधीच येऊन उभे होते. मी तेथे बराच वेळ थांबलो, पण काय बोलावे ते मला सुचले नाही.

मावशींचे ते एक वाक्य म्हणजेच शिवड्याची सारी अडचण आहे. हा मासा एरवी डोह सोडत नाही. पहिल्या पुराचे नवे पाणी आले, की अंड्यावर आलेल्या माद्या आणि नर डोहातून निघून काठाच्या उथळ, गवताळ, नुकत्याच बुडालेल्या जागांकडे आणि ओढ्यांच्या तोंडांकडे येतात. एरवी गळाला सहजी न लागणारा हा सावध मासा त्याच चार-सहा आठवड्यांत हाताच्या अंतरावर येतो. म्हणून त्याच दिवसांत ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे लागते आणि बरगे म्हणजे अडवणीच्या फळ्या काढलेल्या बंधाऱ्यांच्या खाली पाग, म्हणजे फेकजाळी, पडतात. उन्हाळ्यात नदी आटून पाणी डोहांपुरते उरले, की उरलेली वीतभर लांबीची पिले बारीक आसाच्या जाळ्यांत जातात. एकीकडे आई अंड्यांसकट जाते आणि दुसरीकडे पिलू एकदाही अंडी न घालता जाते. अशा माशाची संख्या का घटते, याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही.

त्या रात्री मी पुढच्या एका वाडीतल्या भोई मामांबरोबर नदीवर गेलो. मामांचे वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्याकडे होडी नव्हती. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून ते डोहात दोर सोडत होते. दोराला हातभर अंतरावर गळ बांधलेले आणि प्रत्येक गळाला एक लहान मासा. काठावर आल्यावर त्यांनी पलीकडच्या अंधाराकडे बोट दाखवले. “ती पोरं आमच्यातली न्हवंत. बॅटरीवर करंट सोडत्यात. पाण्यात असंल ते समदं पांढरं हून वर येतंय, मग त्यातलं मोठं उचलायचं आन् बारकं सोडून द्यायचं.” सोडून दिलेले बारके जगत नाही, हे त्यांनी वेगळे सांगितले नाही. नदीत सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती. सव्वाशे वर्षांनंतर तोच प्रकार विजेच्या रूपाने चालू असावा, याचा मला मनापासून संताप येतो. आणि प्रत्येक चर्चेत दोष मात्र ट्यूबवर बसलेल्या भोयाच्या माथी मारला जातो.

धरणांत मत्स्यबीज सोडले जाते, मग शिवडाही वाढेल, असे मला वाटेत दोघा-तिघांनी सांगितले. ही समजूत चुकीची आहे. सोडले जाते ते प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज. शिवड्याची पिले अगदी लहानपणापासून एकमेकांना खातात, त्यामुळे त्यांना हौदात वाढवणे अवघड आणि खर्चाचे ठरते. त्याची नर्सरी म्हणजे नदीचा बुडालेला काठच. त्यातच आफ्रिकन मांगूर पुरांबरोबर तळ्यांतून नदीत येतो. या माशाच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे, तरी तो बाजारात दिसतो, आणि डोहातले खाद्य तोही खातो.

मासेमारी हे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही. वाळूउपशाने डोह बिघडले, बंधाऱ्यांनी वाटा अडल्या, आणि मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा जो खच पडला तो काही जाळ्यांनी पडलेला नव्हता. पण प्रदूषणाचा निकाल लागायला वर्षे जातील, तर ओढ्याच्या तोंडाचे जाळे याच पावसाळ्यात काढता येते. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरच्या वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावाने मासे राखले जातात आणि तेथे कोणी गळ टाकत नाही. कृष्णेच्या काठी तर इतके घाट, इतकी देवस्थाने आहेत. दर पाच-सहा कोसांवर एक डोह असा राखला तरी शिवड्याला आसरा मिळेल.

मी हे मामांना बोलून दाखवले, तेव्हा ते काही वेळ दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “आमचा आजा मृगापास्नं बेंदरापर्यंत ह्या डव्हात जाळं टाकू देत न्हवता. देवाचं म्हणून न्हवं, पुढच्या साली खायाला मिळावं म्हणून.” तो नेम केव्हा मोडला, असे मी विचारले. त्यांना साल आठवत नव्हते. बंधारा झाला, नदीवर बाहेरची माणसे येऊ लागली आणि आपण नाही धरला तर दुसरा धरणारच, असे प्रत्येकाला वाटू लागले, एवढे त्यांना आठवत होते.

पहाटे दोर ओढला तेव्हा एका गळाला शिवड्याचे हातभर पिलू लागले होते. गळ ओठातच रुतला होता. मामांनी ओल्या फडक्यात धरून तो सावकाश सोडवला, पिलू पाण्यात धरून ठेवले, आणि त्याच्या कल्ल्यांची उघडझाप नीट सुरू झाल्यावर हात मोकळा केला. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, अजून तीन आठवडे होते. वाडीतल्या इतर चार घरांशी बोलून बघतो, असे ते म्हणाले आणि ट्यूब खांद्यावर घेऊन चढण चढू लागले.