विंडोज ११ शेजारी आर्च लिनक्स : काम कुठवर आलं

५१२ जीबीचा एकच एसएसडी आहे. त्यावरचं विंडोज जसंच्या तसं ठेवून शेजारी आर्च ही लिनक्स सिस्टिम बसवायची होती. आता दोन्ही सुरळीत चालू आहेत. खरी मेहनत इन्स्टॉलेशनच्या आधीची, म्हणून तिच्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणारं साधन. विंडोज ११ च्या बऱ्याच मशिनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. आर्चचा पेनड्राइव्ह बूट करायला सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागतं, आणि ते बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती ४८ अंकी की कागदावर उतरवल्याशिवाय बायॉसला हात लावू नका.

मग सी ड्राइव्ह लहान करायला घेतला. अर्ध्याहून जास्त जागा मोकळी, तरी डिस्क मॅनेजमेंट जेमतेम काही जीबी सोडायला तयार! अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. न हलणाऱ्या कुठल्या फाइलपाशी गाडी अडली, तिचं नावच तिथे मिळतं. माझ्याकडे ती पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती फाइल) निघाली. पेजफाइल, हायबरनेशन आणि सिस्टिम रिस्टोअर बंद करून रीस्टार्ट केलं, तेव्हा हवी तेवढी जागा सुटली. नंतर बाकीचं पूर्ववत केलं, हायबरनेशन मात्र बंदच ठेवलं. त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं आणि ते गेलेलंच बरं. ते चालू असलं की शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपेत असतं, आणि तेव्हा लिनक्समधून त्याच्या एनटीएफएस पार्टिशनवर लिहिलं तर डेटा खराब होऊ शकतो.

विंडोजने केलेलं ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) १०० एमबीचं. तेच वापरलं, अर्थात फॉरमॅट न करता. बरेच जण ते थेट बूट फोल्डरवर माउंट करतात. मग कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि सुरू होताना त्याला लागणारी इनिटरॅमएफएस फाइलही तिथेच जातात आणि जागा चटकन संपते. मी ते वेगळ्या फोल्डरवर माउंट केलं. कर्नल लिनक्सच्या मुख्य (रूट) एक्स्ट४ पार्टिशनवर राहिला, छोट्या पार्टिशनमध्ये फक्त ग्रब, म्हणजे सुरुवातीला सिस्टिम निवडायचा मेन्यू दाखवणारा प्रोग्राम. ग्रबला एक्स्ट४ वाचता येतं, त्यामुळे हे बिनबोभाट चालतं. पार्टिशन वाढवण्याच्या खटपटीपेक्षा मला हेच पटलं.

ग्रबच्या मेन्यूत विंडोज दिसत नव्हतं, कारण २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ते पॅकेज टाकलं, ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये तो चालू केला, कॉन्फिग नव्याने बनवली, झालं.

राहिलं घड्याळ. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक. त्यामुळे इकडून तिकडे गेलं की वेळ चुकते. मी विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ला १ देऊन त्यालाच यूटीसीवर आणलं. उलटं केलं, तर डेलाइट सेव्हिंगच्या वेळी दोन्ही सिस्टिम तास बदलायला धावतात.

पुढचा टप्पा सिक्युअर बूट पुन्हा चालू करण्याचा. एसबीसीटीएल या साधनाने सही करायच्या स्वतःच्या की बनवणार आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या कीही सोबत ठेवणार. त्या काढल्या तर विंडोज तर अडेलच, काही मशिनवर ग्राफिक्स कार्डाचं फर्मवेअरही लोड होत नाही.